वाटून घेतलेले मैदान

मुंबईतील सार्वजनिक खेळ आणि करमणूक यांची व्यवस्था कोणा एका खात्याने आखून दिलेली नाही. जमीन महापालिकेच्या किंवा राज्य सरकारच्या ताब्यात आहे, काही जलतरण तलाव आणि क्रीडासंकुलेही आहेत. पण मुलांना खेळायला शिकवणे, सामने भरवणे, पंच मिळवणे, सुट्टीतली शिबिरे घेणे, सणासुदीला वस्ती एकत्र आणणे ही कामे गेली सव्वाशे-दीडशे वर्षे क्लब, व्यायामशाळा, शाळांच्या संघटना आणि चाळीचाळींतील मंडळे करत आली आहेत. जागा सरकारची आणि कार्यक्रम समाजाचा, अशी ही विभागणी. ती टिकली याचे मुख्य कारण म्हणजे जागा वाटून वापरण्याची सवय. एकाच मैदानावर एकाच वेळी दहा-वीस सामने चालतात आणि तेच मैदान वर्षभरात खेळाडूंकडून उत्सवाकडे, उत्सवाकडून सभेकडे आणि पुन्हा खेळाडूंकडे जाते. मैदानाचे मोठेपण एकरांत सांगण्याचा प्रघात आहे. मुंबईपुरते तरी ते तासाला किती मुले तिथे खेळू शकतात यावर मोजायला हवे. त्या मापाने पाहिले की या शहराने काय उभे केले तेही कळते आणि काय हातचे जात आहे तेही.

दक्षिण मुंबईतील मैदानांचा उगम लष्करी आहे. किल्ल्यातून तोफांचा मारा करताना समोर आडोसा असू नये म्हणून तटाबाहेरची जमीन मोकळी ठेवलेली होती. तिला एस्प्लनेड म्हणत. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला, रस्ते आणि सरकारी इमारती उभ्या राहिल्या, आणि उरलेल्या मोकळ्या जमिनीचे तुकडे पडले. आजचे आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे ते तुकडे. पारशी तरुण त्याआधीपासूनच तिथे क्रिकेट खेळत होते. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ चा. पुढे गोऱ्या अधिकाऱ्यांनी त्याच जमिनीवर पोलो सुरू केला. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडली जाई आणि त्यावर चेंडू कसाही उसळे. १८८१ मध्ये शेकडो देशी क्रिकेटपटूंनी सह्या करून गव्हर्नरांकडे अर्ज केला. मूठभर लोकांच्या खेळासाठी शेकडो मुलांचा खेळ बंद पडतो, असे त्या तक्रारीचे सार होते. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये या साऱ्या झगड्याचा वृत्तान्त पुस्तकरूपाने लिहून ठेवला. एका जागेवर किती जणांचा खेळ सामावतो, हा मुद्दा मुंबईत तेव्हाच पुढे आला होता.

या भांडणाची सरकारने केलेली सोडवणूक शहराच्या सामाजिक इतिहासावर दूरवर परिणाम करणारी ठरली. १८८० आणि १८९० च्या दशकांत समुद्रकिनाऱ्यालगतच्या भराव जमिनीवर पारशी, मुसलमान आणि हिंदू अशा जिमखान्यांना स्वतंत्र जागा मिळाल्या. एका जागेची वाटणी झाली, पण ती धर्मावार. त्यातूनच पुढे तिरंगी, चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने सुरू झाले. या सामन्यांनी मुंबईला क्रिकेटचे वेड लावले आणि त्याच वेळी प्रेक्षकांनाही धर्मांत विभागले. गांधीजींनी १९४० मध्ये या रचनेला विरोध दर्शवला आणि १९४६ नंतर ते सामने बंद पडले. जिमखान्याच्या आत जातीही होत्या. चांभार समाजातून आलेले पळवणकर बाळू हे त्या काळचे सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज होते, तरी हिंदू संघाचे नेतृत्व त्यांना मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले, तेही मोठ्या वादंगानंतर. सभासदत्वाचे दार असलेल्या जागेत कोणी यायचे हे सभासद ठरवतात. बिनकुंपणाच्या मैदानाचे मोल या इतिहासाच्या उजेडात अधिक स्पष्ट दिसते.

शालेय खेळांची घडी याच काळात बसली. हॅरिस शील्ड १८९० च्या दशकात आणि लहान वयोगटासाठीचे जाइल्स शील्ड १९०१ मध्ये सुरू झाले. गव्हर्नर लॉर्ड हॅरिस आणि शिक्षणखात्याचे प्रमुख जाइल्स यांची ही नावे. एकविसाव्या शतकातही शहरातल्या शालेय क्रिकेटचा हंगाम याच दोन ढालींभोवती फिरतो. गावोगावच्या शाळांना स्वतःचे मैदान असते असे गृहीत धरले जाते. मुंबईतल्या बहुसंख्य शाळांना ते नाही. म्हणून शालेय सामने आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क अशा सार्वजनिक जागांवर, क्लबांच्या खेळपट्ट्यांवर होतात. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या असल्याचे सांगतात. तिथे एका सामन्याचा मिड-विकेट दुसऱ्या सामन्याच्या स्लिपजवळ उभा असतो. बाहेरच्या माणसाला हा गोंधळ वाटतो, पण खेळणाऱ्या मुलाला आपला चेंडू कोणता आणि आपली हाक कोणती हे दोन दिवसांत उमगते. लक्ष एकाग्र करण्याचे असे शिक्षण कोणत्याही बंदिस्त अकादमीत मिळत नाही.

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, ती याच आझाद मैदानावर. तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. हा विक्रम पुष्कळदा प्रतिभेची कथा म्हणून सांगितला जातो. प्रतिभा होतीच, पण तिच्यामागची यंत्रणाही पाहण्यासारखी आहे. वांद्र्याच्या शाळेतून तेंडुलकर शारदाश्रमात आला तो प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांच्या सांगण्यावरून. जाण्यायेण्यात वेळ जाऊ नये म्हणून त्याची राहण्याची सोय शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत जवळजवळ रोज एक सराव सामना असे. एका मैदानावरचा डाव संपला की आचरेकर त्याला स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर नेत आणि तिथे पुन्हा फलंदाजीला उतरवत. नेट्सच्या शेवटी यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवले जाई. तो बाद झाला तर नाणे गोलंदाजाचे, टिकला तर त्याचे. हे सारे शक्य झाले ते दादर-माहीमच्या परिसरात आणि फोर्टात एकमेकांपासून जवळ अशी मैदाने होती आणि त्यांवर मुलाला उतरवायला कोणाचे आरक्षण लागत नव्हते म्हणून. आचरेकरांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांच्यासारखी, पण कोणताही पुरस्कार न मिळालेली, नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळ मैदानावर उभी राहणारी माणसे हे या व्यवस्थेचे खरे भांडवल आहे. एखाद्या योजनेत त्यांच्यासाठी रकाना नसतो, म्हणून ती मोजली जात नाहीत.

क्लब क्रिकेटमधील सर्वांत मुंबईकर स्पर्धा म्हणजे कांगा लीग. पारशी फलंदाज आणि क्रिकेट प्रशासक डॉ. एच. डी. कांगा यांच्या नावाने ती १९४८ मध्ये सुरू झाली. देशभर क्रिकेट जेव्हा विश्रांती घेते त्या भर पावसाळ्यात ती खेळली जाते. खेळपट्टीवर आच्छादन नाही, गवत घोट्याच्या वर, चिखलात पाय रुतणारे. जमिनीलगत मारलेला चेंडू गवतात अडकून थांबतो, म्हणून फलंदाजाला तो उचलून मारावा लागतो. आणि उसळी इतकी बेभरवशाची की शेवटच्या क्षणापर्यंत नजर चेंडूवरच ठेवावी लागते. मुंबईच्या फलंदाजांना चिवट म्हणून जी ओळख मिळाली तिच्यामागे या पावसाळी रविवारांचा वाटा मोठा आहे. या लीगच्या ‘ए’पासून ‘जी’पर्यंतच्या विभागांत कसोटीपटूपासून कारकुनापर्यंत सारे खेळत आले. एखाद्या रविवारी पाऊस इतका लागतो की बहुतेक सामने वाया जातात, तरी संघ किट बॅगा घेऊन मैदानावर येऊन उभे राहतात.

क्रिकेटची कथा फोर्ट आणि दादरची आहे. गिरणगावाची कथा कबड्डीची. लालबाग, परळ, लोअर परळ, प्रभादेवी, नायगाव, वडाळा या पट्ट्यात कोकण आणि घाटावरून आलेला कामगार एका खोलीत अनेकजण मिळून राहत असे. गावकीची मंडळे, भजनी मंडळे आणि व्यायामशाळा हा त्याचा मोकळ्या वेळाचा आधार होता. कबड्डीला साधन लागत नाही. पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, स्त्रियांचे १२ बाय ८. दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत तेवढी माती खणून, भुसभुशीत करून घेतली की मैदान तयार. पाळी सुटली की चढाई-पकडीचा सराव, आणि रात्री विजेच्या दिव्यांखाली स्पर्धा. गॅलरीत उभ्या राहिलेल्या बायका आणि कठड्यांवर बसलेली मुले हा या स्पर्धांचा प्रेक्षकवर्ग. लोअर परळचा श्रमिक जिमखाना अशा स्पर्धांमुळेच घरोघरी माहीत झाला. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या संघटकांनी या मातीतल्या खेळाला नियमांची आणि देशव्यापी संघटनेची चौकट दिली. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले आणि २०१४ पासून प्रो कबड्डीने तो दूरचित्रवाणीवर आणला.

कामगारांच्या करमणुकीकडे सरकारने पाहिलेच नाही असे म्हणता येणार नाही. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्यातून कामगार कल्याण मंडळ उभे राहिले. कामगार आणि मालक दोघांच्याही अल्प वर्गणीतून चालणारी ललित कला भवने, वाचनालये, शिवणवर्ग, बालवाड्या यांचे जाळे त्याने विणले. कामगार नाट्यस्पर्धा, भजन स्पर्धा, कबड्डी स्पर्धा यांतून मराठी रंगभूमीला आणि क्रीडाक्षेत्राला कित्येक माणसे मिळाली. दिवसभर साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसालाही संध्याकाळी नाटकात काम करण्याचा अधिकार आहे, हे या कायद्याने निधीच्या रूपाने मान्य केले. स्वतंत्र भारतातील सार्वजनिक करमणुकीच्या धोरणाचा इतका विचारपूर्वक नमुना क्वचितच सापडतो, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तितकी झालेली नाही.

खेळ आणि नोकरी यांची सांगड हेही मुंबईचे वैशिष्ट्य. टाइम्स शील्डसारख्या कार्यालयीन क्रिकेट स्पर्धांमुळे गिरण्या, बँका, तेल कंपन्या आणि टाटांसारख्या उद्योगांना आपला संघ बलवान हवा असे, म्हणून ते खेळाडूंना नोकऱ्या देत. कबड्डी आणि खो-खोपटूंसाठी रेल्वे, बेस्ट, बँका आणि महिंद्रासारख्या कंपन्यांनी हेच केले. चाळीतल्या बापाने मुलाला संध्याकाळी मैदानावर जाऊ दिले त्यामागे हा हिशेब होता: पोरगा भारताकडून खेळला नाही तरी बँकेत चिकटेल. कार्यालयीन संघ कमी झाले, कंत्राटी नोकऱ्या वाढल्या, तसा हा दुवा सैल झाला. मध्यमवर्गीय आणि कामगार घरांतील मुले दहावीच्या वर्षी खेळ सोडतात त्याचे कारण केवळ अभ्यासाचे दडपण नाही. खेळानंतर काय, या प्रश्नाचे पूर्वी असलेले उत्तर आता तितक्या खात्रीने देता येत नाही.

ऋतुमानाप्रमाणे बदलणारे उत्सव हा या व्यवस्थेचा दुसरा हात आहे, आणि मंडळ नावाची संस्था त्यांतूनच घडली. १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले, आणि त्याच वर्षी गिरगावातील केशवजी नाईक चाळीत मुंबईतला सार्वजनिक गणपती बसला. लालबागच्या राजाची परंपरा १९३४ पासूनची. उत्सवासाठी वर्गणी गोळा करणे, परवानग्या काढणे, मांडव घालणे, रांगा सांभाळणे या कामांत विशी-पंचविशीतली मुले हिशेब, वाटाघाटी आणि माणसे हाताळणे शिकतात. तेच कार्यकर्ते पुढे रक्तदान शिबिर घेतात, वह्यावाटप करतात, क्रिकेटचे सामने भरवतात. गर्दी, आवाज आणि राजकीय फलकबाजी यांवरची टीका रास्त आहे, पण उत्सवाचे दहा दिवस गेल्यावर उरलेले साडेअकरा महिने हे मंडळ वस्तीत काय करते, यावरूनही त्याची पारख व्हावी.

दहीहंडी हा या उत्सवांतला थेट शारीरिक कसब मागणारा प्रकार. गोविंदा पथकांचा सराव गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो. तळाच्या थरात धिप्पाड, वजन पेलणारी माणसे, वर जावे तसे सडपातळ, आणि सर्वांत वर एक्का. थर रचताना प्रत्येकाचा पाय कोणाच्या खांद्यावर, हात कोणाच्या दंडावर, हे ठरलेले असते, आणि उतरणे हे चढण्याइतकेच अवघड असते. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर लावून ४३.७९ फुटांचा विश्वविक्रम केला. बक्षिसांच्या रकमा वाढल्या तसे थरही वाढले आणि जायबंदी होणाऱ्यांची संख्याही. प्रकरण न्यायालयांत गेले. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंचीवर २० फुटांची आणि वयावर १८ वर्षांची मर्यादा घातली. पुढच्या सुनावण्यांनंतर २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उठली आणि १४ वर्षांखालील मुलांना मनाई राहिली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. या दर्जाला अर्थ यायचा तर गाद्या, दोर, शिरस्त्राण, विमा आणि प्रशिक्षित देखरेख या गोष्टी प्रत्येक हंडीवर सक्तीच्या हव्यात. लहान मुलाला सातव्या-आठव्या थरावर चढवणे हा परंपरेचा अपरिहार्य भाग आहे असे मानायला आधार नाही. वजनाने हलकी, पण सज्ञान माणसे एक्का होऊ शकतात, हे अनेक पथकांनी दाखवून दिले आहे.

एकच जागा वर्षभर कशी वाटली जाते हे पाहायचे तर शिवाजी पार्कचे पंचांग पाहावे. सुमारे २८ एकरांचे हे मैदान महापालिकेने १९२५ मध्ये लोकांसाठी खुले केले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नांनी १९२७ मध्ये त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. पहाटे कट्ट्याभोवती फिरणारे लोक, मग क्रिकेटच्या नेट्स, संध्याकाळी एका कोपऱ्यात श्री समर्थ व्यायाम मंदिरातील मुले मल्लखांबावर. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी रूढ केलेला हा व्यायामप्रकार इथे मुलगे पुरलेल्या खांबावर आणि मुली दोरावर करतात. अंध मुलांनाही तो शिकवण्याचे काम उदय देशपांडे यांनी इथेच केले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच मैदानावर झाली. १ मे रोजी महाराष्ट्रदिनाचे संचलन इथे होते. पावसाळ्यात कांगा लीग. शरद ऋतूत बेंगॉल क्लबची दुर्गापूजा आणि १९६६ पासून शिवसेनेचा दसरा मेळावा. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर येणाऱ्या लाखो अनुयायांचा मुक्काम याच मैदानावर असतो; महापालिका तिथे तंबू, पाणी, शौचालये आणि आरोग्यसेवा पुरवते, आणि पुस्तकांचे स्टॉल रात्रभर गजबजलेले असतात. काही दिवसांत खेळपट्ट्यांभोवतीचे दोर पुन्हा बांधले जातात आणि शालेय सामने सुरू होतात.

या पंचांगात कुरबुरी आहेत. आवाजाच्या तक्रारींवरून उच्च न्यायालयाने २०१० मध्ये शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरवले, आणि क्रीडेतर कार्यक्रमांना वर्षाकाठी ठरावीक दिवसांचीच मुभा राहिली. मैदानातील लाल मातीची धूळ उडून भोवतालच्या घरांत शिरते, ही रहिवाशांची तक्रार कित्येक वर्षे चालू आहे. माती काढली तर खेळपट्ट्यांची पत जाते, ठेवली तर लोकांचा श्वास कोंडतो. पाणी मारणे, गवत लावणे, पावसाचे पाणी साठवणे असे उपाय झाले, पण गवताला पाणी आणि विश्रांती लागते, आणि या मैदानाला विश्रांती मिळतच नाही. हा प्रश्न खेळाडू विरुद्ध रहिवासी असा रंगवणे चुकीचे आहे. ज्या मैदानावर पाच मैदानांचा भार आहे तिथे असे होणारच. भार हलका करायचा तर परिसरात आणखी मैदाने लागतात.

आणि तीच मिळण्याची एक मोठी संधी शहराच्या हातून गेली. गिरण्यांची सुमारे ६०० एकर जमीन मध्य मुंबईत, म्हणजे वस्ती सर्वांत दाट आणि मैदाने सर्वांत तोकडी अशा भागात, मोकळी होणार होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने अशा जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे सुचवले: एक मोकळी जागा व सार्वजनिक सोयींसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने १९९६ मध्ये या जमिनींचा एकत्रित आराखडा करावा असे सांगितले. २००१ च्या दुरुस्तीने हिशेब पालटला. तीन वाटे संपूर्ण जमिनीचे न होता फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्याचे झाले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने जनतेच्या बाजूने अर्थ लावला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती ग्राह्य धरली. परिणामी सार्वजनिक वाटा आक्रसला आणि कबड्डीच्या त्या पट्ट्यात मॉल आणि मनोरे उभे राहिले. मुंबईच्या क्रीडाजीवनावर गेल्या अर्धशतकात याहून मोठा आघात झालेला नाही, आणि तो कोणत्याही क्रीडा खात्याच्या कागदावर नोंदलेला नाही, कारण तो नगररचनेच्या एका पोटनियमात घडला.

केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा अपेक्षित आहे. मुंबईत लोकांना प्रत्यक्ष वापरता येणारी जागा दरडोई दीड चौरस मीटरही भरत नाही. मोकळ्या जागेसाठी राखीव ठेवलेल्या भूखंडांपैकी काहींवर अतिक्रमणे झाली, काही ताब्यात घ्यायचे राहिले, काही देखभालीसाठी खाजगी संस्थांना दत्तक गेले आणि त्यांपैकी काही ठिकाणी सभासदत्वाची दारे बसली. आझाद मैदानाचा एक भाग भुयारी मेट्रोच्या कामासाठी वर्षानुवर्षे पत्र्यांच्या आड होता. याउलट ओव्हल मैदान नागरिकांनी चिकाटीने लढून दुरवस्थेतून सोडवले, आणि २०१८ मध्ये भोवतालच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींसह ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. वारसा म्हणून नोंदले गेलेले आणि तरीही रोज पोरांच्या पायांखाली तुडवले जाणारे असे मैदान दुर्मीळ आहे.

मोकळ्या जागेच्या टंचाईतून गेल्या काही वर्षांत टर्फ आले. जाळीने बंद केलेले, कृत्रिम गवताचे, तासावर भाड्याने मिळणारे हे छोटे मैदान रात्री उशिरापर्यंत चालू असते. नोकरदार तरुणांची सोय झाली, बॉक्स क्रिकेट आणि फुटबॉलला गर्दी होऊ लागली, हे खरे. पण टर्फवर तास विकत घ्यावा लागतो आणि तो संपला की बाहेर पडावे लागते. कडेला उभे राहून एखादा गडी कमी पडण्याची वाट पाहणारा मुलगा तिथे असू शकत नाही. मैदानावर मात्र निम्मी मुले अशीच खेळात शिरतात: आधी चेंडू आणून द्यायचा, मग क्षेत्ररक्षण, मग दहाव्या क्रमांकाला बॅट. पैसे न देता, न बोलावता खेळात शिरण्याची ही वाट बंद झाली की सर्वांत आधी गरीब मूल बाहेर राहते.

मुलींच्या बाबतीत हा शिरकाव मैदानावरही सहज नव्हता आणि अजून नाही. कबड्डी, खो-खो आणि मल्लखांब या देशी खेळांत मुंबईच्या मुली पूर्वीपासून आहेत, कारण तिथे व्यायामशाळा नावाची ओळखीची, घराजवळची, देखरेखीखालची जागा होती. मोठ्या मैदानांवर मात्र दुपारनंतर मुलगेच दिसतात. स्वच्छ शौचालय नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, अंधार पडला की दिवे नाहीत, आणि खेळपट्ट्यांच्या पाळ्या आधीपासून मुलांच्या क्लबांकडे. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचे पहिले जेतेपद मुंबई इंडियन्सने ब्रेबॉर्नवर पटकावले. २०२५ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या, आणि नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. त्यानंतर मैदानावर येणाऱ्या मुलींना रोखून धरणारी कारणे जर शौचालय आणि दिवे इतकी साधी असतील, तर ती दूर करायला महापालिकेच्या एका प्रभागाचा अर्थसंकल्पही पुरेसा आहे.

सुट्टीतील आणि हंगामी कार्यक्रमांत गेल्या काही दशकांत भर पडली आहे. जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन २००४ पासून, फेब्रुवारीतला काळा घोडा महोत्सव १९९९ पासून. डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये सुरू केलेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा गिरगाव, ठाणे, पार्ले अशी पसरली. मुलांच्या नाटकाची चळवळ त्याहून जुनी: सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरचे ‘मधुमंजिरी’ १९५९ चे. उन्हाळ्यात महापालिकेच्या जलतरण तलावांवर पोहण्याचे वर्ग भरतात आणि त्यांची प्रवेशयादी झपाट्याने भरते. एकदा होणारा मोठा कार्यक्रम आणि रोज संध्याकाळी चालणारा छोटा वर्ग यांत निवड करायची झाली तर पैसा दुसऱ्याकडे जावा. मॅरेथॉनचा दिवस वर्षातून एकदा येतो. मुलाच्या पायांत ताकद रोजच्या धावण्याने येते.

जुन्या भाडेपट्ट्याची मुदत संपलेल्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे घेण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. गिरणगावापासून हे अंतर पायी जाण्याजोगे आहे. अशा उद्यानांचे आराखडे सहसा वृक्षराजी, चालण्याचे मार्ग, कारंजी आणि वाहनतळ यांनी भरतात, आणि खेळण्यासाठी उरतो तो एक कोपरा. इथे उलट क्रमाने आखणी करता येईल. मातीच्या खेळपट्ट्या किती, कबड्डी आणि खो-खोची क्रीडांगणे किती, मल्लखांबाचे खांब कुठे पुरायचे, मुलींसाठी राखीव वेळ कोणती, रोलर आणि पाणी सांभाळायला माळी किती, शाळांना कोणते वार आणि क्लबांना कोणते, सणांना किती दिवस, आणि कोणालाही न विचारता आत येऊन खेळता येईल असा भाग किती मोठा, हे आधी ठरावे, मग झाडे आणि वाटा त्यांच्या कडेने बसवाव्यात. तपशील आराखड्यातच लेखी नोंदवले गेले तर पुढे कोणाला ते एखाद्या दुरुस्तीने गुपचूप बदलता येणार नाहीत.